पोत्यांतला पाऊस

२ नोव्हेंबर, रविवार

एकदाचं गोदाम ताब्यात आलं! कुलपात किल्ली दोनदा अडली, तिसऱ्यांदा फिरली आणि मी आत पाऊल टाकून एकटाच मोठ्याने हसलो. बघायला कोणी नव्हतं ते बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी गावाला विषय मिळाला असता. सहा वर्षं पाठीवर पोती वाहिली, बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गोदामांत दुसऱ्यांचं धान्य पारखलं. आता दारावर पाटी माझी.

इमारत जुनी, पण देखणी. बाहेरच्या भिंती दगडाच्या, आतलं सगळं लाकूड. खाली धान्याची लांबलचक खोली, कोपऱ्यात वजनकाटा आणि माझं टेबल. टेबलाशेजारून जिना वर जातो. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्यावर झुकलेला सज्जा. आधीच्या मालकाने अकराशे पोती गहू जागच्या जागी सोडलाय, तोही सौद्यातच. थप्प्या इतक्या उंच रचल्यात की सगळ्यांत वरचं पोतं आणि छताची तुळई यांच्यात हात जायचा नाही. अशी थप्पी लावणारा हमाल आता शोधून सापडत नाही.

वर मुद्दाम टाचा आपटत फिरलो. एक फळी कुरकुरली नाही, जणू खालून कोणी खांद्यावर धरून ठेवलीय. भिंतीवर पितळी घड्याळ आहे. काटे अगदी वेळेवर फिरतात, पण टिकटिक म्हणून नाही. जुन्या कारागिरांचं कामच वेगळं. आणि इथे डास नाहीत! संध्याकाळभर सज्ज्यात बसलो, कानाशी एक गुणगुण नाही. दंडावर चार गांधी उठल्यात, त्या प्रवासातल्या असणार.

शनिवारी लेक आणि नात येतायत. जावई जहाजावर गेलाय, दहा महिने त्याचं तोंड दिसायचं नाही. तोवर दोघी माझ्याकडे. ही गेल्यापासून मला रागवायला घरात माणूस नाही. लेक ती कसर भरून काढेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हमालांची टोळी आजपासून कामावर. मुकादम माझ्याच वयाचा, ओघळलेल्या मिशांचा, शब्द मोजून टाकणारा. त्याने चाचरत विचारलं की बाजारात तुम्हाला कानशेठ का म्हणतात. म्हटलं, ये, दाखवतो.

धान्याला कीड आहे का ते बाकीचे लोक पोत्यात टोकदार नळी खुपसून, मूठभर दाणे काढून बघतात. मी पोत्याला कान लावतो. अळी दाण्याच्या पोटात असते, तेव्हा दाणा वरून राजबिंडा दिसतो आणि डोळा फसतो. पण ती आत खात असते, आणि खाण्याला आवाज असतो. अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढा. तो ज्याला ऐकू येतो तो वाचतो. या एका कानावर मी हमालाचा पारखी झालो. भले भले व्यापारी नमुन्याकडे न बघता माझ्या मानेकडे बघायचे. मान हलली की माल परत.

चाळीस पोत्यांना कान लावला. सगळं शांत. एकेकावर खडूने फुली मारत गेलो आणि शेवटी जाहीर केलं, माल स्वच्छ. हमाल एकमेकांकडे बघायला लागले. मुकादमाने तोंड उघडलं, मिटलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, मालक म्हणतात म्हणजे तसंच. माझी पारख बघून गार पडले बिचारे.

दुपारी धुरीवाला आला. गळ्यात मुखवटा लटकवलेला काडीपैलवान, जीभ मात्र तिखट. आधीचे मालक दर सहा महिन्यांनी थप्प्या ताडपत्रीत बांधून विषारी धुरी द्यायचे, शेवटच्या दोन खेपा चुकल्यात, आता तरी उशीर करू नका, असं त्याचं म्हणणं. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, महिन्या-दोन महिन्यांत त्या पोरी स्वतः आया होतात, मग दाणा तापतो, घाम धरतो, सडतो, असं बरंच काही सुनावलं. म्हटलं, आमच्या मामेभावंडांत पण असंच आहे. तो हसला नाही. धुरीचा वायू फळ्यांच्या फटींतून वर चढतो म्हणून आठवडाभर वरचं घर रिकामं लागेल म्हणाला. म्हणजे शनिवारी लेकरू घरात येणार आणि मी त्याला बाहेर काढू? तेही माझ्या कानाने स्वच्छ ठरवलेल्या मालासाठी? थंडी सरली की बघू म्हणून त्याला वाटेला लावला.

जाताना त्याने जिन्याजवळच्या खांबाला कान लावला, माझी नक्कल केल्यासारखा. म्हणाला, शेठ, इथला भुंगेरा नुसता दाणा खात नाही, लाकूडपण पोखरतो. आवाज आहे तोवर लाकूड आहे. आवाज थांबला की समजायचं, खायला काही उरलं नाही.

म्हटलं, मला तर आत्ताही काही आवाज येत नाही. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. गिऱ्हाईक हातचं गेलं की माणूस असाच बघतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

आल्या! नातीला आम्ही चिमणी म्हणतो. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे प्रत्येक शब्दाला शीळ. उतरल्या उतरल्या घरभर धावली, जिन्यावरून सात वेळा वर-खाली केलं, आणि थप्पीच्या खालच्या ओळीला टेकून एकदम गप्प बसली. विचारलं, दमलीस का गं? तर म्हणते, आजोबा, पोत्यांत पाऊस पडतोय.

सगळे हसलो. म्हणजे मी हसलो. हमाल आपापल्या कामाला लागले. लेकीने कान टवकारले आणि कपाळाला आठी घातली, अगदी हिच्यासारखी.

संध्याकाळी लेक म्हणाली की बाबा, घड्याळ किती जोरात वाजतं हो, थोडं दूर लावू या का. प्रवासाने डोकं ठणकत असेल तिचं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चिमणीच्या केसांत पीठ होतं. पांढुरकं, अगदी मऊ. उशीवरही एक बारीक रेघ. लेकीने विचारलं, इथे गिरणी आहे का? वर पाहिलं तर पलंगावरच्या आढ्याला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. शे-दीडशे असतील. जुनी असतील म्हटलं.

लेक म्हणते, भिंतीत कोणी कागद चुरगळल्यासारखं वाजत राहतं, जेवतानासुद्धा. मी उठून भिंतीला आधी उजवा कान लावला, मग डावा. काही नाही. तिने विचारलं, बाबा, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही? जरा रागावलोच मी. म्हटलं, अर्धा बाजार या कानांवर जगलाय. ती चिमणीचे केस झटकत राहिली, आणि झटकताना माझ्याकडे बघत राहिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चिमणीने माझा खडू पळवला. आजोबा फुली मारतात, म्हणून ती गोल काढते. जिथे पाऊस ऐकू येतो तिथे गोल.

आधी कौतुकाने बघत होतो. मग पाहिलं की माझ्या फुलीच्या प्रत्येक पोत्यावर तिचा गोल आहे. चाळीसच्या चाळीस. एकही सुटलं नाही.

आणि गोल पोत्यांवर थांबलेले नाहीत. खांबांवर आहेत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर, तिसऱ्या, चौथ्या, सगळ्या. वरच्या उंबऱ्यावर. पलंगाच्या चारी पायांवर. ज्या टेबलावर बसून मी हे लिहितोय त्याच्या फळीवर, माझ्या कोपराच्या अगदी जवळ, एक मोठा गोल.

कोपर उचललं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि परत ठेवलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शांत राहून लिहायचं आहे.

दुपारी थप्पीजवळून जाताना पायाला ऊब लागली. शेजारी तापाने फणफणलेला माणूस झोपावा तशी. खालच्या ओळीतलं एक पोतं, त्यावर माझी फुली. कान लावला. शांत. श्वास रोखून पुन्हा लावला. शांत. मग शिवण उसवून हात कोपरापर्यंत आत घातला.

आत गहू नव्हता. दाण्याची टरफलं होती, आणि पीठ, आणि त्यात जिवंत काहीतरी, गरम, सगळीकडून सरकणारं. हात बाहेर ओढला तर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी बाही घातल्यासारखी दिसली. ती बाही चालत होती. बगलेकडे.

उसवलेली शिवण आणखी फाटत गेली. जमिनीवर सांडलेले भुंगेरे क्षणभर थांबले आणि सगळेच्या सगळे खांबाकडे निघाले, वर चढायला.

हजारो तोंडं एकाच वेळी चालू होती आणि माझा कान त्यांच्यापासून बोटभर अंतरावर होता. मला काहीही ऐकू आलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मुकादमाला समोर बसवलं. खरं सांग म्हटलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, मालक, पहिल्या दिवसापासून वाजतंय. आम्ही तर दारातच ऐकलं. पण तुम्ही स्वतः कान लावलात, स्वच्छ म्हणालात. कानशेठ म्हणाले, मग आम्ही कोण सांगणारे? आम्हाला वाटलं, हा वेगळा कसला तरी आवाज असेल, तुम्हाला कळत असेल.

माझा मान राखला त्यांनी.

वर जाऊन भिंतीवरच्या घड्याळापाशी उभा राहिलो आणि कान जवळ नेला. लंबक डोळ्यांसमोर हलत होता. आवाज नाही. चिमणीला विचारलं, वाजतंय का गं? ती खो खो हसली, म्हणाली, आजोबा, केवढ्याने वाजतंय!

माणसांचं बोलणं सगळं ऐकू येतं. कुजबुजसुद्धा. फक्त बारीक आवाज गेलेत. कधी गेले कोण जाणे. ही असताना सकाळी गजर तीच बंद करायची. मला वाटायचं तो वाजतच नाही. तिला माहीत होतं का? बोलली असती तर — पण तिनेही मान राखला असेल.

डासही आहेत इथे. आज एक दंडावर बसलेला पाहिला, पोट फुगलेला.

१६ नोव्हेंबर, रविवार

धुरीवाल्याला फोन केला. टोमणा मारेल वाटलं होतं, मारला नाही. मंगळवारी दुपारी येतो, तोवर पोरीबाळी हलवा म्हणाला. आणखीही काहीतरी सांगत होता, थप्प्यांना हात लावू नका असं काहीसं, पण त्याच्यामागे मशीन घरघरत होतं आणि मी घाईत फोन ठेवला.

लेकीची मैत्रीण पुढच्या गावात राहते. मंगळवारची दुपारची बस. लेक आजच निघाली असती, पण चिमणीला रात्री ताप भरला.

मी थप्प्यांना हात लावणारच. ही पीडा पोरीच्या पलंगाखाली आणखी दोन दिवस ठेवू? उद्या पहाटेपासून एकूण एक पोतं बाहेर, मागच्या अंगणात. मुकादमाला सांगितलं. तो छताकडे बघत म्हणाला, सगळी काढायची, मालक? म्हटलं, सगळी. तो पुन्हा छताकडे बघून म्हणाला, मालक म्हणतात म्हणजे तसंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळपर्यंत आठशे पोती बाहेर. कडेच्या थप्प्या तेवढ्या उरल्यात. पोतं उचललं की खाली पिठाचा ढीग, ढिगातून भुंगेरे, भुंगेरे खांबावर. हमाल तोंडाला फडकी बांधून काम करतायत. कोणी गात नाही, कोणी शिवी देत नाही.

वर गेलो आणि दारातच थबकलो. पायाखालची फळी दबली. पहिल्या दिवशी टाचा आपटल्या तरी हलली नव्हती ती. फडताळातले कप थरथरले. ते ऐकू आलं मला.

चिमणी अंथरुणातून म्हणाली, आजोबा, हळू चाला. पाऊस घाबरतो. तुम्ही पाय ठेवलात की थांबतो आणि मग जोरात येतो.

ताप उतरलाय. उद्या जातील. उद्या दुपारी दोनला.

भिंतीवर तळहात ठेवून बसलोय. कानाला काही नाही, पण तळहाताला मुंग्या आल्यासारखं — आतून. थांबतच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी अकरा

वही कोटाच्या खिशात होती. पलंगावर बसून लिहितोय. शेजारी लेक, मध्ये चिमणी.

साडेनऊला शेवटची थप्पी निघाली. दहाला दोन हमाल लेकीची ट्रंक घेऊन जिना उतरले. जमिनीला पाय लागला आणि मागून जिना खाली आला. मोडला म्हणण्यासारखा आवाजही नाही. नुसता बसला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. हमाल बचावले. पायऱ्या फुटल्या त्यांत लाकूड नव्हतं, पीठ होतं. वरून पातळ साल तेवढी शिल्लक.

मुकादमाने खालून तुळया पाहिल्या आणि ओरडला, हलू नका! कोणीही हलू नका!

आता कळतंय. छत तुळयांनी धरलं नव्हतं. तुळया कधीच्या संपल्या होत्या. ते गव्हाने धरलं होतं. अकराशे पोत्यांनी, खांद्यावर. आणि मी ती काढली.

सव्वा अकरा

खिडकी आठ पावलांवर. सज्जा रस्त्याकडे कलला आहे, हे इथूनही दिसतं. शिडीवाले निघालेत म्हणे. सुतार टेकू आणायला गेलाय. तोवर मुकादम तीच पोती परत आत आणून खालच्या खोलीत, पलंगाच्या बरोबर खाली रचतोय. छताला भिडायला अठरा ओळी लागतात. ओळ झाली की ओरडून सांगतो.

सात.

माझ्या हाताने पलंग हलू नये म्हणून बारीक लिहितोय. थांबत मात्र नाही. आजोबा वही लिहितायत म्हणजे सगळं ठीक आहे असं चिमणीला वाटतं. तिने मला तसंच सांगितलं. लेकीने ऐकलं आणि तोंड फिरवलं.

नऊ.

साडेअकरा

आढ्यातून वहीवर पीठ पडतंय. फुंकर मारत नाही. चिमणीचे केस पांढरे झालेत.

तिला विचारलं, पाऊस कुठे कुठे आहे गं? बोटाने दाखवते. पलंगाखाली. भिंतीत. वर. तुमच्या पाठीमागे. आता मला तेवढेच कान.

धुरीवाला आलाय खाली. आवाज ओळखला. दुपारपर्यंत थांबला नाही बिचारा. मुकादमाला विचारतोय, अजून वाजतंय का? वाजतंय म्हटल्यावर म्हणाला, चांगलं आहे, वाजू दे.

अकरा ओळी.

लेक आढ्याच्या भोकांकडे बघतेय. तिने रागवायला हवं होतं.

बारा ओळी —

चिमणी म्हणते, पाठीमागचा थांबला.

लेकीने माझं मनगट धरलंय. तिलाही ऐकू येतंय ना, म्हणजे नाही येत —

तेरा. मुकादमाचा आवाज बसलाय. पोरांनो उचला म्हणतोय. धापा मला ऐकू येतात. धापा येतात.

भिंतीतला थांबला.

चौदा. फळी दबतेय, डाव्या पायाखाली. पाय वर घेतला. लेकीला म्हटलं माझी चूक — ती म्हणाली, बाबा, लिहा. लिहीत राहा.

वरचा थांबला.

पंधरा. चारच — नाही, तीन. तीन ओळी. मुकादम दादा, लवकर रे

पलंगाखाली आहे का गं? आहे म्हणते. थोडासा. थेंब थेंब.

सोळा

खाली धुरीवाला ओरडतोय, पोरीला विचारा, पोरीला विचारा

चिमणीने बोट वर केलंय. डोळे मिटलेत. ऐकतेय. सतरा म्हणाला का तो? सत

ती म्हणते, आजोबा, आता कुठेच पाऊस ना